ओल्या चिऱ्याच्या भिंतीत ड्रिल चालवताना झिणझिणी

प्रश्न: फोंड्याला आमचे जुने चिऱ्यांचे घर आहे. पावसात भिंती ओलावतात. काल भोक पाडताना हाताला झिणझिणी जाणवली. दोष यंत्राचा की ओलीचा?

उत्तर १: वीज गळते आहे, तेव्हा ते ड्रिल कृपया पुन्हा लावू नका. प्लग काढून, वायर यंत्रात शिरते तिथले रबर तडकले आहे का पाहा आणि यंत्र जाणकाराकडून तपासून घ्या. घरात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा. एमसीबी, म्हणजे बोर्डातला नेहमीचा आपोआप बंद होणारा स्विच, जादा भार किंवा शॉर्टसर्किट झाल्यावर पडतो, माणसाला झटका बसल्यावर पडेलच असे नाही.

उत्तर २: स्विचबोर्डच्या सरळ रेषेत, वर-खाली वा आडवे, भोक पाडू नका, बहुधा तिथूनच वायर जाते. चिऱ्याची तांबडी भुकटी डोळ्यांत उडते, म्हणून गॉगल हवाच.

प्रश्नकर्ता: रबर खरोखरच तडकलेले निघाले. आभारी आहे.