ग्रोथ फॅक्टरमुळे झिजलेली कूर्चा खरोखर भरून येते का?

प्रश्न :
माझ्या आईच्या दोन्ही गुडघ्यांत ऑस्टिओआर्थ्रायटिस, म्हणजे सांध्याची झीज, आहे. तिच्याच रक्तातून वेगळे काढलेले पीआरपी (प्लेटलेट्सचे प्रमाण जास्त असलेला रक्तद्रव) सांध्यात टोचल्यास त्यातील ग्रोथ फॅक्टर (पेशींना वाढीचा संदेश देणारी प्रथिने) कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरण, पुन्हा वाढवतात, असे तिला सांगण्यात आले आहे. हे घटक शरीरात मुळातच असतात, तर मग ते आपणहून हे काम का करत नाहीत, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर १ :
आपण नेमक्या मुद्द्यावर बोट ठेवले आहे. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिच्यातील मोजक्या पेशीच भोवतालचे कोलॅजन (कूर्चेला बळकटी देणारे तंतुमय प्रथिन) तयार करतात आणि त्याच ते मोडूनही काढतात. आयजीएफ-१ हा ग्रोथ फॅक्टर त्यांना बांधणीचा निरोप देतो, परंतु या आजारात त्याला धरून ठेवणारी प्रथिने वाढतात आणि पेशीही त्याला पूर्वीसारखी दाद देत नाहीत. टीजीएफ-बीटा या दुसऱ्या ग्रोथ फॅक्टरचे प्रकरण याहून अवघड आहे. निरोगी कूर्चेत तो एएलके-५ या ग्राहीमार्फत (पेशीवरील संदेश स्वीकारणाऱ्या प्रथिनामार्फत) तिचे रक्षण करतो. वयाबरोबर एएलके-१ या दुसऱ्या ग्राहीचे पारडे जड होत गेले, की तोच घटक कोलॅजन तोडणाऱ्या एमएमपी-१३ या विकराच्या (एन्झाइमच्या) वाढीला हातभार लावू शकतो. उंदरांच्या गुडघ्यात तो टोचला असता सांध्याच्या कडेला हाड वाढले आणि सांध्याच्या आतल्या अस्तरात तंतू साचून ते जाड झाले. आईंच्या एक्स-रेमध्ये हाडाच्या कडेला चोचीसारखी टोके दिसत असतील, तर तीही अशीच भलत्या जागी झालेली वाढ आहे. म्हणून ‘जितके ग्रोथ फॅक्टर, तितकी कूर्चा’ हा हिशेब मला मुळातच चुकीचा वाटतो.

उत्तर २ :
वरील विवेचनाला रुग्णांवरील चाचण्यांची जोड देतो. एफजीएफ-१८ या ग्रोथ फॅक्टरपासून तयार केलेल्या स्प्रिफर्मिन या औषधाची ५४९ रुग्णांवर चाचणी झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, सर्वाधिक मात्रा घेणाऱ्यांची कूर्चा दोन वर्षांनी निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांपेक्षा सुमारे ०.०५ मिलिमीटर जाड होती, परंतु दुखण्यात मात्र लक्षणीय फरक आढळला नाही. पीआरपीबाबत २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, गुडघ्याच्या २८८ रुग्णांवरील चाचणीत बारा महिन्यांनंतर वेदना आणि कूर्चेचे आकारमान या दोन्ही बाबतींत ते मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनपेक्षा सरस ठरले नाही. आईंना उपचाराचा सल्ला देणाऱ्यांना आपण हे अवश्य विचारावे.

प्रश्नकर्ता :
मनःपूर्वक आभार. कूर्चा वाढूनही दुखणे कमी का झाले नसावे?

उत्तर १ :
कूर्चेत मज्जातंतूही नसतात. वेदना उमटते ती अस्तरातून आणि खालच्या हाडातून. तिथे एनजीएफ हा मज्जातंतूंचा ग्रोथ फॅक्टर मज्जातंतूंना अधिक संवेदनशील करतो. त्याला रोखणाऱ्या टॅनेझुमॅब या औषधाने वेदना कमी झाल्या खऱ्या, पण काही रुग्णांचे सांधे झपाट्याने खराब झाले आणि २०२१ मध्ये त्याचा विकास थांबवण्यात आला. त्यामुळे आईंचे दुखणे आणि आईंची कूर्चा हे दोन वेगळे प्रश्न समजूनच डॉक्टरांशी बोलावे. मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम आणि वजन अधिक असल्यास ते कमी करणे यांचा दुखण्यावर होणारा उपयोग चाचण्यांतून वारंवार दिसून आला आहे. इंजेक्शनचा निर्णय काहीही झाला, तरी हे दोन्ही उपाय आजपासूनच सुरू करता येतील.