मुलांच्या मेंदूतील गाठीचा उपप्रकार केवळ एमआरआयवरून डीप लर्निंगने ओळखता येईल का?

विद्यार्थी, ताळगाव
नमस्कार. मी संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात शिकतो. मेडुलोब्लास्टोमाचे (मुलांच्या लहान मेंदूत होणाऱ्या कर्करोगाच्या गाठीचे) चार जनुकीय गट (डब्ल्यूएनटी, एसएचएच, गट ३ आणि गट ४) एमआरआयवरून ओळखणारे डीप लर्निंगचे (उदाहरणांवरून स्वतः शिकणाऱ्या संगणक प्रणालीचे) मॉडेल प्रबंधासाठी तयार करण्याचा विचार आहे. मोठ्या माणसांच्या ग्लायोमावर (मेंदूच्या आधारपेशींपासून होणाऱ्या गाठींवर) प्रशिक्षित मॉडेल मुलांसाठी वापरता येईल का, आणि बांबोळीच्या रुग्णालयातील प्रतिमा त्यासाठी पुरतील का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

क्ष-किरणतज्ज्ञ, फोंडा
पुरणार नाहीत. सुमारे १५ लाख वस्तीच्या गोव्यात मुळातच दुर्मीळ असलेला हा आजार चार गटांत विभागला, तर एकेका गटात बोटांवर मोजण्याइतकीच मुले उरतील, आणि त्यांतलीही काही उपचारांसाठी थेट मुंबईला गेलेली असतील.

मोठ्यांचे मॉडेल जसेच्या तसे लावू नये. प्रौढांमधील ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे ग्लायोमाचा आक्रमक प्रकार, बहुधा मोठ्या मेंदूत असतो आणि कॉन्ट्रास्ट (प्रतिमेत गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिलेले द्रव्य) दिल्यावर त्याची कडा उजळते. मुलांमध्ये मात्र अनेक गाठी लहान मेंदूत किंवा ब्रेनस्टेममध्ये (मेंदूच्या देठात) असतात, आणि त्या देठाच्या पॉन्स या मधल्या भागात पसरणारा ग्लायोमा कित्येकदा कॉन्ट्रास्ट फारसा घेतच नाही. म्हणूनच मेंदूतील गाठी प्रतिमांत ओळखणाऱ्या मॉडेलांच्या ‘ब्राट्स’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेने २०२३ मध्ये मुलांच्या गाठींसाठी स्वतंत्र विभाग सुरू केला.

तरीही तुमचा विषय निराधार नाही. एसएचएच गटाच्या गाठी अनेकदा लहान मेंदूच्या एका बाजूस, तर गट ३ व ४ च्या प्रामुख्याने मध्यरेषेत, मेंदूतील द्रवाच्या चौथ्या पोकळीजवळ आढळतात. प्रतिमेत खुणा असतात, पण त्या कल दाखवतात, निदान ठरवत नाहीत. डब्ल्यूएनटी गटातील मुले उपचारांनंतर सहसा चांगली बरी होतात आणि त्यांचे रेडिएशन कमी करता येईल का, याच्या चाचण्या झाल्या आहेत. तेव्हा चुकीच्या गटाची किंमत मुलालाच मोजावी लागेल, हे ध्यानात असू द्यावे.

डेटा विश्लेषक, मडगाव
प्रतिमांची विभागणी रुग्णानुसार करा. एकाच मुलाच्या एमआरआयचे काही काप प्रशिक्षणात आणि काही चाचणीत गेले, की अचूकता शंभराच्या जवळ दिसते. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांतील डोळे दिपवणाऱ्या आकड्यांमागे पुष्कळदा एवढेच असते. दुसरे, आधी फक्त वय आणि गाठीची जागा यांवरून साधे वर्गीकरण करून पाहा. तुमचे न्यूरल नेटवर्क (डीप लर्निंगचे मॉडेल) त्याहून सरस ठरले नाही, तर ते प्रतिमेतून नवे काही शिकलेले नाही. चाचणीसाठी प्रतिमा मात्र दुसऱ्या रुग्णालयातील, वेगळ्या मशीनवरच्या हव्यात.

पॅथॉलॉजिस्ट, म्हापसा
गट ठरवण्यासाठी ऊतीचा नमुना आजही लागतोच. डीप लर्निंगचा उपयोग तिथेही होतो. नेदरलँड्समधील ‘स्टर्जन’ ही प्रणाली शस्त्रक्रिया चालू असतानाच गाठीच्या डीएनएवरील मिथाइल खुणा (डीएनएला जोडलेल्या रासायनिक खुणा, ज्या गाठीच्या प्रकारानुसार वेगळ्या असतात) वाचून गाठीचा वर्ग सांगते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात २५ शस्त्रक्रियांपैकी १८ वेळा तिने दीड तासाच्या आत अचूक निदान दिले. उरलेल्या ७ वेळा पुरेशी खात्री नसल्याने तिने निदान दिलेच नाही. खात्री नसेल तेव्हा उत्तर न देण्याची ही सोय तुमच्या मॉडेलमध्येही ठेवावी, असे मी सुचवेन.