हार्ले स्ट्रीट 750 सेकंडहँड घेऊ का? कारखाना तर गेला इथला

खानापूर_रायडर:
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात ओळखीतल्या एकाची स्ट्रीट 750 विकायला आहे, 2016 चं मॉडेल, एमएच 09 पासिंग, एकाच हातातली. चालवून बघितली आणि तवापासून डोक्यातनं जाईना झालीय. 2014 ला 4.10 लाखाला ही गाडी आली तेव्हा मी कॉलेजला होतो, पेपरातला फोटो कापून कपाटाच्या दाराला चिकटवलेला, तो अजून तिथंच आहे. पण घरात सगळे म्हणालेत की 2020 ला कंपनीनं इथला कारखाना बंद केला, उद्या बिघडली तर कुणाच्या दारात जाणार? भीती मला पण आहे, कारण एकदा पोळलोय. दुसऱ्या एका कंपनीची क्रूझर होती माझ्याकडं, कंपनीनं गाशा गुंडाळला आणि एका सेन्सरसाठी गाडी पाच महिने अंगणात उभी, शेवटी भंगाराच्या भावात दिली, टेम्पोत चढवताना बघवलं नाही. खरं काय ते सांगा.

शहापूरचा_येझदीवाला:
घे की भावा, एवढा विचार काय करतोस. माझ्याकडं वडिलांची येझदी रोडकिंग आहे, 1984 ची. ती बनवणारी म्हैसूरची आयडियल जावा कंपनी 1996 ला बंद पडली, तरी मी आज सकाळी तिच्यावरच बाजारला जाऊन आलो. किक आणि गिअरची दांडी एकच, आमच्या पोराला आता कुठं जमालंय ते. पिस्टन, रिंगा, क्लच प्लेटा सगळं मिळतं, नाही मिळालं तर उद्यमबागेत लेथवर बुश करून घ्यायचा, आपल्या बेळगावात फाउंड्री आणि मशीन शॉपला काय तोटा आहे काय! जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदी डे असतो तेव्हा ये एकदा, किती गाड्या जित्या आहेत ते डोळ्यानं बघ.

निपाणी_टूरर:
काका, राग मानू नका, पण येझदीचा हिशेब स्ट्रीटला लागत नाही. तुमच्या गाडीत पॉइंट आणि कार्बोरेटर, स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपर असला की रस्त्यात पण चालू होते. स्ट्रीट म्हणजे 749 सीसीचं व्ही-ट्विन, लिक्विड कूल, फ्युएल इंजेक्शन. बुश उद्यमबागेत होईल, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर होणार नाही. खानापूरवाल्याची ती जुनी गाडी पण सेन्सरवरच अडकली ना.

पण घरचे म्हणतात तसं "कंपनी गेली" हे पण पुरतं खरं नाही. सप्टेंबर 2020 ला हार्लेनं हरियाणातला बावलचा कारखाना बंद करतो म्हणून सांगितलं, ऑक्टोबरात हिरोबरोबर करार झाला, विक्री, सर्विस आणि पार्ट्स त्यांच्याकडं गेले. स्ट्रीट बनायची थांबली पण वाली आहे. खरोखर बंद झालेला ब्रँड म्हणजे अमेरिकेतली व्हिक्टरी, पोलारिसनं 1998 ला गाड्या बनवायला सुरू केल्या आणि 9 जानेवारी 2017 ला बंद करतो म्हणून जाहीर केलं. 2011 लाच त्यांनी इंडियन नावाची दुसरी मोटरसायकल कंपनी विकत घेतलेली, एका घरात दोन क्रूझर ब्रँड, मग पैसा इंडियनवर लावला. तरी 10 वर्षं पार्ट्स देतो असा शब्द दिला. मला ही बातमी लई लागलेली, व्हिक्टरीवर कधी बसलो नाही तरी. एवढं चांगलं इंजिन बनवणाऱ्यांनी हात वर केले की वाईट वाटतंच.

तेव्हा गाडी घ्यायची तर नीट बघून घे. मागच्या चाकाला चेन नाही, बेल्ट आहे, त्याच्या दातांना चिरा आहेत काय, कुठं खडा घुसून भोक पडलंय काय ते बघ, चोर्ल्याच्या कच्च्या पट्ट्यात खडे लई उडतात. रेडिएटरचा फॅन चालू होईपर्यंत इंजिन चालू ठेव. चेक इंजिनचा दिवा किल्ली फिरवल्यावर लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तर उलट शंका घे. आणि बेल्ट, लिव्हर, सेन्सर आत्ताच एकेक जास्तीचा घेऊन ठेव, गाडीच्या किमतीतच धर ते पैसे.

टिळकवाडी_22:
कोल्हापूर आरटीओची एनओसी आणि कर्नाटकाचा लाईफ टॅक्स विसरू नकोस. टॅक्स गाडीच्या वयाप्रमाणे कमी होतो, आधी आरटीओत आकडा विचारून ये, मग भाव कर.

शहापूरचा_येझदीवाला:
ईसीयूचं बरोबर आहे निपाणीकर, ते माझ्या ध्यानात आलं नाही. खानापूरकर, भाव करायला एकटा जाऊ नकोस, तुझा जीव अडकलाय त्यात, समोरच्याला ते कळतं. रविवारी सकाळी सहाला निघू, मी येतो.

खानापूर_रायडर:
काका, येतो सहाला. निपाणीकर, तुम्ही हायवेला भेटा, बेल्ट तुम्हीच बघा.