मदत हवी आहे: मीमच्या गेममधलं मांजर टॅब बदलला की गायब होतं

राजेहो, वणीजवळच्या खेड्यातून लिहितोय. ब्राउझरमध्ये चालणारा छोटा गेम बनवतोय. 2011 चं न्यान कॅट आठवतं ना, मागे इंद्रधनुष्य सोडत उडणारं? तसं आपलं मांजर, पण कपाशीच्या तासातून पळणारं. वाटेतली तर्री-पोह्याची प्लेट उचलली की वऱ्हाडी मीम झळकतं. चित्रं सगळी मीच काढली.

आधी मांजर दर फ्रेमला (पडद्यावर चित्र नव्याने उमटतं तेव्हा दर वेळी) 5 पिक्सेल सरकायचं. माझ्या 60 हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवणाऱ्या फोनवर सेकंदाला 300 पिक्सेल, बरोबर. भाच्याच्या 120 हर्ट्झवर तेच 600! मीम वाचायच्या आत निघून जाई, पोरगं हिरमुसलं. मग मांजराचा वेग दोन फ्रेममधल्या वेळेने गुणला, दोन्ही फोनवर जुळला. पण आता टॅब बदलून परत आलं की मधला सगळा वेळ एकाच फ्रेममध्ये मोजला जातो अन् मांजर थेट धुऱ्यापलीकडे.

दोन फ्रेममधल्या त्या वेळेवर कमाल मर्यादा घालू, की पान लपताच गेम थांबवू? दोन्ही लागतं का?

आणखी एक, वावरात रेंज जेमतेम एक कांडी. सर्व्हिस वर्करने (ब्राउझरमध्ये पडद्यामागे चालणारी स्क्रिप्ट) चित्रं फोनमध्येच ठेवणं कोणी केलंय का? असेल तर कोडचा तेवढा तुकडा टाका भाऊ, भाचा रोज विचारतो.