सस्पेंड करा, पण शिकवणं कशाला थांबवायचं?

अवनी_जर्सी
मुलगा ऑटिस्टिक, इथे अमेरिकेत सहावीत, आयईपी आहे (म्हणजे अपंग मुलासाठी शाळेने लेखी बनवलेला, कायद्याने पाळावाच लागणारा शिक्षणाचा आराखडा). फायर ड्रिलचा भोंगा वाजला, कुणीतरी त्याला हाताला धरून ओढलं, याने जोरात ढकललं, तो पोरगा पडला आणि आम्हाला सस्पेन्शनचं पत्र. शिक्षेवर भांडायला आलेच नाहीये, ढकललं ते ढकललंच. पण घरी बसलेल्या दिवसांत त्याला मिळालं काय तर वर्कशीटचं पाकीट! स्पीच थेरपी बंद, रिसोर्स रूममधली वेगळी शिकवणी बंद, आणि आयईपीत लिहिलंय की याला सूचना तोडून तोडून द्यायच्या, ते पाकिटात कोण करणार? अपंग मुलांच्या शिक्षणाचा केंद्राचा कायदा म्हणे वर्षातले पहिले १० शाळेचे दिवस काही द्यायला बांधील नाही, अकराव्यापासून द्यायलाच लागतं. हे दहा दिवस सोडलेच कशाला? बाकीची मुलं मित्राकडून नोट्स घेऊन भरून काढतात, आमच्याकडे रूटीन मोडलं की परत वर्गात बसायलाच किती दिवस जातात.

तर्कटराव
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. माझ्या मुलीने मारामारी केली असती तर तिला कुणी घरी शिकवायला आलं असतं का? एकाच वर्गात दोन नियम. त्यात शिक्षेच्या दिवसांत घरी सर आणि थेरपिस्ट येणार असतील तर ती शिक्षा कसली.

ओहायोवासी
तर्कटराव, दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करताय तुम्ही. दहा दिवसांच्या वर काढायचं ठरवलं की दहा शाळेच्या दिवसांच्या आत मॅनिफेस्टेशन मीटिंग, म्हणजे शाळा आणि पालकांची बैठक, घ्यावी लागते, तिथे दोनच प्रश्न असतात, वागणं अपंगत्वामुळे झालं का, किंवा शाळेने आयईपी पाळलाच नाही म्हणून झालं का. दोन्हीचं उत्तर ‘नाही’ असं आलं तर तुमच्या मुलीला जी शिक्षा तीच याला, फक्त शिकवणं चालू राहतं. ५०४ प्लॅनवाल्यांना (आयईपी नसलेली, पण अपंगत्वामुळे शाळेत सवलती मिळणारी मुलं) तर तेवढंही नाही, उत्तर ‘नाही’ असं आलं की शाळा मोकळी. आणि शस्त्र, ड्रग्ज किंवा गंभीर इजा असेल तर उत्तर काहीही येवो, ४५ शाळेचे दिवस दुसरीकडे पाठवता येतं. एवढे लाड कुठे आहेत यात?

मास्तरीण_टेक्सास
मी चौथीला शिकवते, म्हणून दुसरी बाजू. वर्गात एकजण खुर्च्या फेकायला लागला की बाकीच्या सगळ्यांना कॉरिडॉरमध्ये नेऊन उभं करायचं, गणिताचा तास गेला, आणि हे एकदा नाही. त्या मुलांच्या शिक्षणाचा धागा कुणी काढत नाही. अवनीताई, तुमच्या मुलाबद्दल नाही बोलत. पण पहिल्या दिवसापासून घरी शिक्षक पाठवा म्हणता, तो आणायचा कुठून? आमच्याकडे स्पेशल एडच्या, म्हणजे अपंग मुलांना शिकवणाऱ्या शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी होती. हा केंद्राचा कायदा १९७५ ला झाला तेव्हा केंद्र दर अपंग मुलामागे, देशात एका विद्यार्थ्यावर होणाऱ्या सरासरी खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देईल असं ठरलं होतं, अजून १५ च्या आसपासही धड जात नाही. हक्क कागदावर वाढवत न्यायचे आणि शिक्षिकेला म्हणायचं तूच बघ.

ओहायोवासी
पैशाचं शंभर टक्के मान्य. पण हे नियम हवेतून नाही आले हो. त्याच १९७५ च्या कायद्यात लिहिलंय की दहा लाख अपंग मुलं सरकारी शाळांच्या पूर्ण बाहेर होती. मग १९८८ ला सॅन फ्रान्सिस्कोच्या दोन मुलांची केस सुप्रीम कोर्टात गेली, त्यातल्या एकाने शाळेतल्या एका मुलाचा गळा धरला होता, म्हणजे गोंडस केस अजिबात नव्हती. तरी कोर्ट म्हणालं, धोकादायक आहे असं शाळेने स्वतःच ठरवून दहा दिवसांच्या वर बाहेर ठेवायचं नाही, वाटलं तर कोर्टात या. काढून टाकलेल्यांनाही शिकवायचं हे कायद्यात स्पष्ट आलं ते १९९७ ला.

जर्सीकर_काका
अवनी, आपल्या न्यू जर्सीत राज्याचा नियम जास्त चांगला आहे गं, आयईपी असो नसो, सस्पेंड केलेल्या प्रत्येकाला पाच शाळेच्या दिवसांत शिकवणं सुरू करावं लागतं. म्हणजे तर्कटरावांच्या मुलीलाही! लेखी माग.

अवनी_जर्सी
काका, तीन-चार दिवसांचं सस्पेन्शन देतात, पाच दिवस होईपर्यंत पोरगं परत वर्गात. आणि मध्ये मध्ये फोन येतात, आज जरा अस्वस्थ आहे, घेऊन जाता का? ते दिवस कुठेच मोजलेले नाहीत.

ओहायोवासी
ते मोजायलाच लावा!! वागण्यावरून अर्ध्या दिवसात घरी पाठवणं हेही काढणंच आहे, जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या शिक्षण खात्याने हे लेखी सांगितलंय. पुढचा फोन आला की तिथेच विचारा, हे सस्पेन्शन आहे का, असेल तर पत्र द्या. आणि सगळ्या तारखा ईमेलने पाठवून ठेवा, तोंडी बोललेलं नंतर कुणाला आठवत नसतं.

कोथरूडची_मावशी
वाचून हेवा वाटला बाई. इथे भारतात आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, आठवीपर्यंत शाळेतून काढता येत नाही असं लिहिलंय, २०१६ चा अपंगांचा कायदाही आहे. मग शाळा काढत नाही, रोज आईला फोन करते. शेवटी आईच कंटाळून दाखला घेते. रेकॉर्डवर काय, पालकांनी स्वेच्छेने नेला. तुमच्याकडे निदान अकरावा दिवस तरी आहे.

तर्कटराव
मावशींचं पटलं, ते चूकच. पण अवनीताई, मीटिंगा, पत्रं, तारखा सगळं तुमच्या मुलाचं. तो जो पडला त्याच्या आईला बोलावलं कुणी?

अवनी_जर्सी
मी स्वतः तिला मेसेज केला. उत्तर नाही आलं. शाळेने काय केलं माहीत नाही. गुरुवारच्या मीटिंगला बुडालेले स्पीचचे तास भरून मागणार आहे, आणि भोंग्याच्या आधी त्याला बाहेर न्यायचं हेही लिहून घेणार.

मास्तरीण_टेक्सास
भोंग्याचं आधी लिहून घ्या ताई, ते फुकटात होतं. आणि तर्कटराव, त्या आईला कुणी नाही सांगत, दुसऱ्या मुलाची माहिती गोपनीय. आम्ही फक्त म्हणतो शाळेने योग्य ती कारवाई केली आहे, आणि मग ती माझ्यावर ओरडते.