अर्ज करण्याआधी टेप घेऊन गल्लीत फिरा

वर एकांनी लिहिलंय की प्रभागातल्या कामांबद्दल सामान्य माणसाला कोणी विचारत नाही. पण पुणे महापालिकेत २००६-०७ पासून नागरिकांच्या सहभागातून अंदाजपत्रकाची सोय आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज देऊन पदपथ, बाक, दिवे अशी छोटी कामं सुचवता येतात. मात्र ‘पदपथ सुधारा’ एवढ्यावर भागत नाही, जागा नेमकी सांगावी लागते. आम्ही चौघीजणी टेप घेऊन गल्लीत फिरलो. विजेच्या डीपीपाशी चालायला जेमतेम दीड फूट! सासूबाईंचा वॉकर तिथेच अडकला, तोच फोटो अर्जाला जोडला. (पोचपावती घ्याच.) आणि नंतर अंदाजपत्रकाच्या पुस्तकात आपलं काम आलंय का, हे स्वतः शोधा. आमचा तर अजून पाठपुरावा चालू आहे, या रविवारी पुढची गल्ली मोजणार आहोत.