मदत हवी आहे: मायनिंग पूलचा चालक ब्लॉक लपवतोय, हा आरोप तपासायचा कसा?

नमस्कार मंडळी,

माझा मोठा भाऊ टेक्ससमध्ये असतो. तिथे भाड्याच्या जागेत त्याची बिटकॉइन मायनिंगची थोडी यंत्रं चालतात आणि ती एका छोट्या पूलला, म्हणजे अनेकांची यंत्रं एकत्र चालवून कमाई वाटून घेणाऱ्या गटाला, जोडलेली आहेत. पूलचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण अजून काहीच सिद्ध झालेलं नाही. वाटप पीपीएलएनएस पद्धतीचं, म्हणजे पूलला ब्लॉक (बिटकॉइनच्या सार्वजनिक नोंदवहीत, म्हणजे साखळीत, जोडायचा व्यवहारांचा नवा गठ्ठा; तो सापडला की बक्षीस मिळतं) सापडला तरच पैसे; वीजबिल मात्र दर महिन्याला येतंच. गेल्या महिन्यात पूलच्याच आकड्यांवरून ९ ब्लॉक यायला हवे होते, आले ६. त्यावरून सभासदांच्या टेलिग्राम ग्रुपवर रान पेटलंय. चालक काही ब्लॉक स्वतःच्या दुसऱ्या पत्त्यावर वळवतो, असा थेट आरोप आहे. निवेदन तयार आहे आणि दादाने रविवारपर्यंत सही करावी असा आग्रह चाललाय.

मला ही घाई पटत नाही. पॉयसाँ वितरणाने (योगायोगाने किती घटना घडतील याची शक्यता काढायचं गणित) मांडून पाहिलं, तर ९ अपेक्षित असताना ६ किंवा त्याहून कमी येण्याची शक्यता जवळपास २१ टक्के निघते. म्हणजे अगदी प्रामाणिक पूललाही साधारण पाच महिन्यांतून एकदा असा महिना येणार. तेच ९० च्या जागी ६० आले असते, तर मीच दादाला सही कर म्हटलं असतं.

पण लोक उगाच घाबरलेत असंही नाही. २०१३ मध्ये जीहॅश.आयओची ताकद वापरून बेटकॉइन डाइस या जुगाराच्या साइटवर दुहेरी खर्च (तीच नाणी दोनदा वापरणं) केल्याचा आरोप झाला होता, आणि जून २०१४ मध्ये त्याच पूलकडे नेटवर्कची निम्मी ताकद गोळा झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये पूलिनने पैसे काढणं बंद केलं आणि सभासदांच्या हातात उधारीची टोकन ठेवली. गेनबिटकॉइन प्रकरण तर पुण्यातल्या लोकांना सांगायलाच नको. महिना १० टक्के परताव्याचं आमिष दाखवल्याच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी २०१८ मध्ये अमित भारद्वाजला अटक केली होती.

तर चालकाने खरंच ब्लॉक लपवला, तर तो साखळीत कुठे दिसेल? आणि सभासदाला घरबसल्या काय तपासता येतं? उद्या प्रकरण वकिलाकडे गेलं तरी टिकेल असा पुरावा हवाय.

प्रतिसाद

ताई, सही थांबवलीत ते बरं केलंत.

ब्लॉक साखळीतून गायब होत नाही, फक्त त्यावर पूलची खूण नसते. पण बक्षीस कुठे जाणार हे काम वाटतानाच ठरलेलं असतं. स्ट्रॅटम म्हणजे पूल आणि यंत्र यांच्यातल्या संवादाची पद्धत. तिच्यातून यंत्राला जे काम येतं, त्यात कॉइनबेस व्यवहाराचे, म्हणजे ब्लॉकचं बक्षीस देणाऱ्या व्यवहाराचे, तुकडे असतात. ते जोडले की बक्षिसाचा पत्ता वाचता येतो. दादांना प्रत्येक काम वेळेसकट साठवायला सांगा. अनोळखी पत्ता एकदा जरी आला, तरी तो महत्त्वाचा पुरावा. चालक वेगवेगळ्या सभासदांना वेगळं काम पाठवू शकतो, म्हणून हे एकट्याने करून भागणार नाही. यंत्राच्या पानावर सापडलेल्या ब्लॉकचा आकडा असतो, तोही पूलच्या यादीशी ताडून बघा.

ग्रुपवर एक गोष्ट मात्र जरूर सांगा. ब्लॉक कमी येण्यामागे चालकाचा हात असेलच असं नाही. कधी एखादा सभासद किरकोळ शेअर (यंत्राने काम केल्याचे छोटे पुरावे, ज्यांवरून वाटप ठरतं) जमा करतो आणि खरा ब्लॉक सापडला की तो फेकून देतो. २०१४ मध्ये एलिजिअस पूलचं असंच सुमारे ३०० बिटकॉइनचं नुकसान झालं होतं. त्यात चालकही नाडला जातो. तिसरी शक्यता म्हणजे चालकाने खोटी खाती घालून पूलचा हॅशरेट (एकूण मायनिंगची ताकद) फुगवला असेल. तेव्हाही अपेक्षित आकडा मोठा दिसतो, ब्लॉक कमी वाटतात आणि वाटपातला खरा हिस्सा त्या खात्यांकडे जातो. महिन्याच्या आकड्यांवरून या तिन्हींत फरक करता येत नाही. वर्षभराची ब्लॉकची यादी आणि शेअरचे लॉग लेखी मागा. देतो की टाळतो, ते निवेदनात लिहिता येईल.

धागाकर्ती

मनापासून आभार. तीन शक्यता असतील हे आमच्या कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दादा आज रात्रीपासून लॉग साठवतोय, त्याच पूलमधले आणखी दोघं तयार झालेत. लॉगची मागणीही उद्या लेखी जाईल. कॉइनबेसचे तुकडे जोडून पत्ता काढणारी तयार स्क्रिप्ट कुणाकडे असेल तर कृपया व्यनि करा.